बाबांनी गाळलेलं वाक्य

आमच्या घरी ‘कूळ’ हा शब्द बाबांच्या तोंडून शिवीसारखा यायचा, आणि तो आला की आई भाकरी जरा जोरात थापायची. बाबांचं घराणं रत्नागिरीकडच्या जमीनदारांचं. कूळकायदा आला, पिढ्यानपिढ्या खंडाने जमीन कसणारी कुळं तिची मालक झाली, आणि बाबांच्या आजोबांकडे घर, परसू आणि तक्रार एवढंच उरलं. पुढे घराच्या वाटण्या झाल्या, परसूही विकलं गेलं. तक्रार तेवढी बाबांनी विमानात बसवून अमेरिकेला आणली. आई कराडकडची. त्याच कायद्याने तिच्या आजोबांची कसती जमीन त्यांच्या नावावर झाली होती. गाव वेगळं, मालक वेगळा, कायदा तोच. पुण्यात कॉलेजात एकमेकांच्या प्रेमात पडताना दोघांनी हा विषय काढला नसावा. लग्नानंतर मात्र तो दर रविवारी जेवणाआधी निघायचा. “आमच्या आजोबांनी कुळांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं होतं,” बाबा म्हणायचे. “पोटच्या पोरांकडून कुणी खंड घेतं का?” आई विचारायची. मग थोडा वेळ फक्त परातीतला आवाज यायचा. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि मला दोघांचंही खरं वाटायचं.

अमेरिकेत आलो तेव्हा आधी आम्ही जर्सी सिटीत एकविसाव्या मजल्यावर राहत होतो. बाबांचं ऑफिस नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये, कॉम्प्युटरचं काम. आई शेतकी पदवीधर. पण तिचा व्हिसा ‘डिपेंडंट’, म्हणजे नवऱ्याबरोबर राहा, जेवा, कमावू नका. त्या घराच्या खिडक्या चार बोटंच उघडायच्या. आईने एक दिवस बाथटबमध्ये माती भरून मेथी पेरली, आणि आम्ही महिनाभर खालच्या मजल्यावरच्या मोघेकाकांकडे टॉवेल घेऊन अंघोळीला गेलो. मोघेकाका नागपूरचे, बाबांच्याच ऑफिसातले. त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. मेथी उगवली ती पांढुरकी, लांब मानेची. ती पाहून आई रडली, आणि बाबा दुसऱ्या दिवसापासून दुसरं घर शोधायला लागले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे बाबांबद्दल थोडं कडू लिहायचं आहे.

घर मिळालं ते वेस्ट विंडसरच्या बाहेर, एका जुन्या शेतात. एकेकाळी तिथे बटाटा पिकायचा, आणि बटाट्याच्या मजुरांसाठी मालकाने बांधलेली चार लाकडी घरं कच्च्या रस्त्याच्या कडेला एका ओळीत उभी होती. आई त्या ओळीला आळी म्हणायची. आता तिथे मजूर नव्हते, भाडेकरू होते. प्रिन्स्टन जंक्शनचं स्टेशन गाडीने पंधरा मिनिटांवर, त्यामुळे बाबांचीही सोय झाली. मालक हॉब्ज, ऐंशीच्या पुढचा म्हातारा. त्याने घरामागची जमीन हाताने दाखवली आणि आईला म्हणाला, “त्या झाडांपर्यंत काय हवं ते लाव.” आईने तिथेच बूट काढले आणि अनवाणी शेवटच्या झाडापर्यंत जाऊन आली. दोन वर्षांत तिथे मेथी, अंबाडी, गवार, चवळी, दोडका, मिरच्या सगळं उभं राहिलं. शनिवारी एडिसनपासूनची मराठी कुटुंबं गाड्या घेऊन यायची आणि पिशव्या भरून न्यायची. विकायची तिला परवानगी नव्हती, आणि असती तरी आपल्या माणसांना भाजीचा भाव सांगणं तिला जमलं नसतं. त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. जाळीचं दार प्रत्येक माणसामागे दोनदा आपटायचं, लांबून जाणाऱ्या ट्रेनची शिट्टी यायची, आणि शेजारच्या घरात सकाळपासून रेडिओवर चर्चची गाणी चालू असायची.

तो रेडिओ मिस रूथचा. लग्न झालेलं असूनही आळीत सगळे त्यांना ‘मिस’च म्हणत. त्या पंच्याहत्तरीच्या, काळ्या वंशाच्या, उंच आणि ताठ बाई. त्यांचे यजमान आधी त्या शेतात बटाटे काढायचे, मग ट्रॅक्टर चालवायचे. ते गेले तेही त्याच घराच्या पुढच्या खोलीत. चाळीस वर्षं मिस रूथ तिथे राहत होत्या. मुलगी लग्न होऊन अटलांटाला गेली तरी त्या हलल्या नाहीत. आई त्यांना रूथमावशी म्हणायची, त्या आईला ‘शुगर’. दोघींना एकमेकींचं इंग्रजी निम्मंच कळायचं, उरलेलं पातेल्यांतून जायचं-यायचं. मिस रूथ कॉलर्ड नावाची जाड पानांची भाजी लावायच्या आणि तासन्‌तास शिजवत ठेवायच्या. आईने एकदा तीच पानं चिरून, डाळ-दाणे घालून, वरून लसणाची फोडणी देऊन पातळभाजी केली आणि गरम भाकरीबरोबर नेऊन दिली. मिस रूथनी भाकरी मोडली, बुडवली, खाल्ली. मग म्हणाल्या, “शुगर, इतकी वर्षं मी या पानांचे हालच केले.” त्यांचं बोलणं अर्थातच इंग्रजीत, मी ते माझ्या मराठीत लिहिते आहे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. लांबचं माणूस चालीवरून ओळखायच्या, पण अक्षर दिसत नव्हतं, म्हणून त्यांची पत्रं बाबा वाचून दाखवायचे. ट्रेनमधून आले की टाय सैल करून त्यांच्या पायरीवर बसायचे आणि वीजबिलसुद्धा खणखणीत आवाजात वाचायचे. मिस रूथ त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत. बाबांना ते फार आवडायचं.

हॉब्ज एका हिवाळ्यात गेला. शेत त्याच्या पुतण्याकडे आलं. तो कुठल्याशा शहरात राहायचा, आम्ही त्याला कधी पाहिलंच नाही. त्याच्या वतीने केलर नावाचा व्यवस्थापक आला. पुतण्याला शेती करायची नव्हती, पण जमीन शेतीखाली आहे असं दाखवलं की कर अगदी कमी लागतो, आणि सगळ्यात कमी कष्टाची शेती म्हणजे मेंढ्या. कुंपण घालायचं, मेंढ्या सोडायच्या आणि जमिनीला मनासारखं गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्यांना चरू द्यायचं. यात आमची घरं मध्येच येत होती. केलर हसतमुख माणूस. चारही घरं पाडून सगळीकडे गवत पेरायचं आहे, हे त्याने आमच्याच ओट्यावर उभं राहून सांगितलं, आणि वर म्हणाला, “इट्स गोइंग टु बी ब्यूटिफुल.” आईने विचारलं, “आणि माझी अंबाडी?” त्याने ती काय भाजी ते विचारून घेतलं आणि म्हणाला, मेंढ्या ती आवडीने खातील.

मी आता व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहते. माझ्या खिडकीतून डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती दिसतात. तिथेही पूर्वी शेतं होती, आणि शेतांत कुणीतरी राहत असणारच. मेंढ्या निदान बघायला तरी बऱ्या होत्या. माझा मुलगा त्याच भिंतींच्या आत नोकरी करतो. परवा त्याने मागून येऊन स्क्रीनकडे पाहिलं. त्याला थोडंफार मराठी वाचता येतं. “आई, हू गेट्स इव्हिक्टेड फॉर शीप?” त्याने विचारलं. मी म्हटलं, तुझे आजी-आजोबा. त्याला ते विनोदी वाटलं, आणि मी त्याला दोष देत नाही.

केलरने प्रत्येक घराला दोन पानांचा कागद दिला. मेअखेर आम्ही घर रिकामं करतो अशी कबुली, आणि खाली सहीची जागा. बाबांनी तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचला, दोनदा, आणि खिशातलं पेन काढलं. “थांबा की जरा,” आई म्हणाली. “कशाला थांबायचं? जमीन त्यांची आहे. मालकाने उठा म्हटलं की उठायचं. चिकटून बसायला आपण काय कुळं आहोत?” त्यांनी सही केली, तारीख घातली, पेनाला टोपण लावलं. आधी मोघेकाकांचा फोन होऊन गेला होता: “अरे यार, साइन करून मोकळा हो. तुझं ग्रीन कार्डचं फायलिंग चालू आहे. कोर्टबिर्टात नाव आलं तर फाइल अडकेल, उगाच रिस्क घेऊ नको.” भीती होतीच, खोटं कशाला सांगू. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला दारावरची बेलसुद्धा मोठी वाटते. पण त्या दिवशी बाबांच्या चेहऱ्यावर भीतीच्या जोडीला एक समाधानही होतं, आपण खानदानी माणसासारखं वागलो याचं. त्याच संध्याकाळी ते मिस रूथच्या पायरीवर बसले आणि त्यांना त्यांचा कागद वाचून दाखवला. मी आमच्या ओट्यावर गृहपाठ करत होते. “प्रोफेसर, म्हणजे मला जावंच लागणार?” मिस रूथनी विचारलं. “हो,” बाबा म्हणाले, “मालकाची तशी इच्छा आहे.” त्यांनी मिस रूथचा हात धरून सहीच्या जागेवर नेऊन ठेवला, आणि मिस रूथनी हळूहळू, मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं.

आळीच्या दुसऱ्या टोकाची दोन घरं एप्रिलमध्येच रिकामी झाली. केलरने ती आठवड्याभरात पाडली, तारेचं कुंपण घातलं आणि पहिल्या मेंढ्या आणून सोडल्या. ज्या स्वयंपाकघरात मी शेजारच्या मुलीबरोबर कुकीज खाल्ल्या होत्या तिथे आता मेंढ्या उभ्या राहून आमच्याकडे बघायच्या. त्यांच्यावर राग धरणं कठीण होतं, तरी मी धरला. आई मात्र पेरत होती. वाफे ओढले, मेथी टाकली, मिरचीची रोपं घरातून बाहेर काढून उन्हाला ठेवली. “कशाला पेरतेस?” बाबांनी विचारलं. “वेळ झाली म्हणून.” “अगं, मेअखेर निघायचंय आपल्याला.” “सही तुम्ही केलीत. मी कुठे केली?” भाडेकरारावर नाव एकट्या बाबांचं होतं, पण असल्या किरकोळ गोष्टींनी आई अडत नसे.

एका दुपारी शाळेच्या बसमधून उतरले तेव्हा मिस रूथनी मला हाक मारली. मुलीला फोन करून निघायची तारीख कळवायची होती. “बेबी, त्या कागदावर काय तारीख आहे ती बघून दे.” मला मोठ्याने इंग्रजी वाचायची हौस होती. माझे उच्चार नुकतेच अमेरिकन झाले होते आणि ते कुणाला तरी ऐकवायचे होते, म्हणून मी पहिल्या ओळीपासूनच सुरुवात केली. दुसऱ्या पानावर, तारखेच्या वरती, एक वाक्य होतं. सही करणं ऐच्छिक आहे. भाडेकरूने सही न केल्यास मालकाला कोर्टात जावं लागेल, आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत भाडेकरूला घरात राहता येईल. मी ते वाचून पुढे गेलेसुद्धा. मिस रूथनी हात लांब करून रेडिओ बंद केला. “तेवढं पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. “हे तुझ्या बाबांनी वाचलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यात आश्चर्यच जास्त होतं. क्षणभर मला वाटलं, त्या विसरल्या असतील. पण त्या बाईंना चर्चची शंभर गाणी सगळ्या कडव्यांसकट पाठ होती. मला इतकी लाज वाटली की मी दप्तर तिथेच टाकून घरी पळाले.

बाबा सहा वाजता आले. मी दारातच उभी होते. “डिड यू स्किप इट?” रागावले की मी इंग्रजीत जायचे. त्यांना आधी कळेना, मग कळलं. “ती फॉर्मॅलिटी असते गं. वकील असलं काहीतरी लिहितातच.” “पण तुम्ही ते वाचलं होतं?” “वाचलं होतं.” “देन व्हाय डिडन्ट यू टेल हर?” “कारण शेवट तोच होता! आज नाही तर सहा महिन्यांनी, जायचंच होतं त्यांना!” आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “सहा महिने नाही गाळलेत तुम्ही,” ती म्हणाली, “त्यांचं ‘नाही’ म्हणणं गाळलंत. तुम्ही तो कागद रूथमावशींना वाचून दाखवलाच नाहीत. मालकाचा निरोप सांगून आलात.” बाबा न जेवता उठले. आमच्या घरी न जेवता उठणं ही मोठी गोष्ट होती, आणि त्या दिवशी तर सोलकढी होती.

दुसऱ्या दिवशी आईने गाडी काढली. लायसन्स मिळून चार महिने झाले होते. हायवेवर ती पंचेचाळीसच्या वर जात नसे, मागचे लोक हॉर्न वाजवत आणि ती त्यांना मराठीत उत्तरं देई. शेजारी मिस रूथ, मागे दुभाषी म्हणून मी. ट्रेंटनला गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणारं एक ऑफिस होतं. तिथल्या तरुण वकीलबाईंनी कागद वाचला आणि पेन्सिलने त्या वाक्याखाली रेघ ओढली. त्यांनी सांगितलं ते असं. अक्षर न दिसणाऱ्या बाईंना कागद पुरता वाचून न दाखवता सही घेतली, हे सिद्ध झालं तर सही रद्द होईल आणि घर राहील. पण सिद्ध करायचं म्हणजे ज्याने वाचला त्यानेच कोर्टात येऊन सांगायला हवं. मग त्या आईकडे वळल्या. “तुमच्या नवऱ्याने एवढंच म्हणायचं, की इंग्रजी ही माझी मातृभाषा नाही, ते वाक्य मलाही नीट कळलं नव्हतं. मग दोन्ही सह्या जातील. तुमचंही घर वाचेल.” परतीच्या वाटेवर आईने गाडी पन्नासवर नेली.

घरी आल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, “मी कोर्टात सांगू, की मला इंग्रजी कळत नाही?” “एवढंच तर म्हणायचंय,” आई म्हणाली. “बी.ई. डिस्टिंक्शन, आणि इंग्रजी कळत नाही?” मला हसू आलं आणि मी ते दाबलं. आईच्या डोळ्यांत मात्र हसू नव्हतं. तिची चवळी वर आली होती, मिरची जमिनीत गेली होती, आणि आता ती वाचवायला एक वाक्य पुरणार होतं. पुढचे पंधरा दिवस ती बाबांशी गोड वागली. त्यांच्या आवडीचा मऊ भात, वर मेतकूट, लोणच्याची फोड. मोघेकाकांचा पुन्हा फोन आला तेव्हा बाबा त्यांचं सगळं ऐकून घेऊन फक्त म्हणाले, “नाव यायचं तर येऊ दे रे.” यापलीकडे त्यांच्या मनात काय चाललंय ते कुणालाच कळेना.

आई आता माझ्याकडेच असते. हे प्रकरण मी तिला वाचून दाखवलं, संपूर्ण, कारण आमच्या घरात आता तसा नियम आहे. ती म्हणाली, “माझं फार चांगलं लिहू नकोस. मी काही हरिश्चंद्राची राणी नव्हते. मला माझी जमीन हवी होती आणि मीच त्यांना खोटं बोला म्हणत होते.” मी विचारलं, हे लिहू का? ती म्हणाली, लिही की, मला कुणाची भीती आहे? म्हणून लिहिलं.

कोर्टाची खोली आमच्या शाळेच्या वर्गाएवढीच होती. मिस रूथ चर्चला घालायची जांभळी हॅट घालून आल्या होत्या. त्या बाबांशी बोलत नव्हत्या. बाबांनी गाडीचं दार उघडून धरलं तेव्हा ‘थँक्यू’ म्हणाल्या, तेवढंच. पलीकडे केलर आणि त्याचा वकील. आमच्या वकीलबाईंनी बाबांना उभं केलं आणि कागद कुणी वाचला, कुठे बसून, ते वाक्य वाचलं का, हे सगळं विचारून घेतलं. “नाही वाचलं,” बाबा म्हणाले. मग केलरचा वकील उठला. “तुम्ही इंजिनिअर आहात. दिवसभर इंग्रजीत काम करता. हे वाक्य तुम्हाला कळलं नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?” आईने माझं मनगट धरलं. बाबांना फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

“नाही,” बाबा म्हणाले. “मला त्यातला शब्दन्‌शब्द कळला होता.”

वकील खूश होऊन खाली बसला. जज बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी चष्मा काढला आणि स्वतःच विचारलं, “मग या बाईंना का नाही वाचून दाखवलंत?” बाबांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले. “माझ्या आजोबांची जमीन होती, युअर ऑनर. ती त्यांच्या टेनंट्सकडे गेली. मालकाने जा म्हटलं की टेनंटने जावं, नाहीतर तो चोर, असं मी लहानपणापासून ऐकलं. मला मालकाचं म्हणणं खरं मानायची सवय लागली आहे. ते वाक्य आलं तेव्हा मला वाटलं, हे यांना कशाला सांगायचं? या बाईंनी त्यांचे डोळे विश्वासाने माझ्याकडे दिले होते. मी ते मालकाच्या कामाला लावले.” जजबाईंनी विचारलं, “आणि तुमची स्वतःची सही?” “ती मी समजून केली,” बाबा म्हणाले. आमच्या वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. आईची बोटं माझ्या मनगटावरून सुटली.

निकाल त्याच दुपारी मिळाला. मिस रूथची सही रद्द. त्यांना काढायचं तर मालकाने कायद्याचा लांबचा रस्ता धरावा. आमची सही कायम. परतताना आई गाडी चालवत होती, बाबा शेजारी, मागे मी आणि मिस रूथ. दोन सिग्नल गेले. मग बाबा म्हणाले, “शैला, तुझी जमीन गेली.” “हो, गेली,” आई म्हणाली. आणखी एक सिग्नल गेला. बाबांचे खांदे हलायला लागले होते. “रूथमावशींचं घर राहिलं ना? मग झालं. आणि रडायचं तर तिकडे खिडकीकडे वळून रडा, मला आरसा दिसत नाहीये.” मला त्या क्षणी दोघांचाही इतका अभिमान वाटला की मी काहीतरी बोलणार होते, पण तेरा वर्षांच्या मुली असलं बोलत नाहीत. आज बोलते.

मिस रूथ पुढे आठ वर्षं त्या घरात राहिल्या आणि तिथेच गेल्या. हे आत्ताच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. तीन बाजूंनी मेंढ्या आणि मध्ये त्यांचं घर. मालक कायद्याच्या रस्त्याला लागला, पण तो रस्ता खरोखरच लांबचा निघाला. आम्ही दहा मैलांवर एका अपार्टमेंटमध्ये गेलो आणि आईने मिस रूथच्या परसात शनिवार-रविवारची शेती सुरू केली. बाबांच्या ग्रीन कार्डाला काहीही झालं नाही. मोघेकाकांनी मात्र त्याचं श्रेय स्वतःच्या देवाला दिलं.

पण मला सांगायचा आहे तो निघायचा दिवस. मेची अखेर, ट्रक भरून झाला होता. अंबाडी पोटरीपर्यंत आली होती, ती तशीच सोडावी लागली. केलर किल्ल्या घ्यायला आला, तसाच हसतमुख. बाबांनी किल्ल्या दिल्या. तो निघेना. त्याने बाबांना बाजूला घेतलं आणि कोटाच्या खिशातून नवा कागद काढला. मिस रूथनी आपणहून सही केली तर मालक त्यांना एका वृद्धांच्या वसाहतीत चांगली जागा बघून देणार होता. “शी लिसन्स टु यू, सर,” केलर म्हणाला. “तुम्ही एकदा समजावून सांगा.”

बाबांनी कागद घेतला आणि चष्मा लावला. मला वाटलं ते तो परत करतील. त्यांनी परत केला नाही. ते आळीतून चालत मिस रूथच्या पायरीपाशी गेले. इतक्या आठवड्यांत ते तिथे बसले नव्हते, आणि आताही बसले नाहीत, खालीच उभे राहिले. “एक कागद आलाय,” ते म्हणाले. “वाचू का?”

मिस रूथ खुर्चीत होत्या. त्यांनी रेडिओ बंद केला आणि शेजारच्या पायरीकडे हात केला. “सगळा वाच, प्रोफेसर.”

बाबा बसले आणि वाचू लागले. पहिल्या ओळीपासून, सावकाश. कंसातलं, बारीक टाइपातलं, पानाच्या तळाशी छापलेला फॉर्मचा क्रमांकसुद्धा. अवघड शब्द आला की थांबून त्याचा अर्थ सांगत होते. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, केलर घड्याळ बघत होता, कुंपणापलीकडच्या मेंढ्या ओरडत होत्या. बाबांनी आवाज थोडा वाढवला, एवढंच. शेवटी त्यांनी जिथे सही करायची ती रिकामी जागा वाचली, “इथे तुमचं नाव लिहायला सांगितलंय,” आणि हात मांडीवर ठेवून थांबले.

“नाही,” मिस रूथ म्हणाल्या.

बाबा उठले. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, आळीतून परत चालत आले आणि ती केलरच्या हातात ठेवली. “त्या नाही म्हणतात,” ते म्हणाले.